निर्मळ सदनिका स्पर्धा

पांढऱ्या रेषेपाशी आलेली मुंगी लगेच मागे फिरत नाही. आधी थांबते, मिशांनी रेषेची कड चाचपते, मग कडेकडेने फट शोधत जाते. एखादी घाईची मुंगी सरळ रेषेत शिरते आणि पलीकडेही पोचते. तिथून वीतभर नीट चालते. मग मागचे पाय पुढच्यांचं ऐकेनासे होतात, ती स्वतःभोवती फिरू लागते आणि उताणी होते.

उत्तरा ओट्यापाशी चहाचं आधण ठेवून हे पाहत होती. लग्नाआधी तिने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि वर्षभर एका प्रयोगशाळेत कामही केलं होतं, त्यामुळे रेषेत काय आहे हे तिला ठाऊक होतं. मुंगी केवढीशी आणि सहा वर्षांची मुलगी केवढी, या तुलनेवर घरातले बाकीचे निर्धास्त होते. उत्तराला ती तुलना पुरेशी वाटत नव्हती. तिची मुलगी शुभा त्याच फरशीवर बसून चित्रं रंगवायची, रेषेच्या आतल्या बाजूला.

रेष मधुकरने आखलेली होती. मधुकर सबनीस, उत्तराचा नवरा, बोरीवलीतल्या या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याच्या हातात दर रविवारी सकाळी मुंग्या-झुरळं मारायच्या पावडरचा डबा असायचा आणि संध्याकाळी फवाऱ्याचा पंप. पंप मारायच्या आधी तो खिडक्या घट्ट लावून घ्यायचा, म्हणजे औषध वाया जात नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या, संडासात अ‍ॅसिड, फरशीला फिनेल. डब्यावर ‘मुलांपासून दूर ठेवावे’ असं छापलेलं होतं आणि मधुकर नियमाचा पक्का. डबा त्याने सगळ्यात वरच्या फळीवर, मुलांपासून दूर ठेवला होता. डब्यातलं काय ते घरभर होतं.

बोरीवलीतल्या सोसायट्यांचं मंडळ दर जानेवारीत ‘निर्मळ सदनिका’ स्पर्धा घ्यायचं. तीन वर्षं चषक सबनिसांकडेच होता. तो शोकेसमध्ये होता आणि त्याच्याभोवतीसुद्धा पावडर होती. यंदा मंडळाने पर्यावरणाचेही गुण ठेवले होते. हा शब्द तेव्हा नुकताच वर्तमानपत्रातून सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर उतरला होता. मधुकरने लगेच मनावर घेतलं. खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाची पानं अंगणात पडून घाण होते म्हणून ते झाड त्याने पावसाळ्याआधीच ठराव करून तोडवलं होतं. आता त्याच खिडकीच्या गजांवर त्याने प्लॅस्टिकचा वेल चढवला. वेलाला जांभळी फुलं होती. मृणालिनीबाई, म्हणजे त्याची आई, तो वेल दर शनिवारी साबणाच्या पाण्यात बुडवून काढायच्या.

“खऱ्या झाडाला कुठं एवढं स्वच्छ ठेवता येतं?” त्या म्हणायच्या.

या सगळ्या स्वच्छतेत शुभा तेवढी खोकत होती.

गणपतीच्या सुमाराला खोकला सुरू झाला तेव्हा तो सर्दीचा होता. मग सर्दी गेली आणि तो राहिला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि विचारलं, “घरात धूळ फार आहे का?”

मधुकर दुखावला. “डॉक्टर, आमच्या फरशीवर ताट न घेता जेवता येईल.”

“मग फवारता काय?”

मधुकरने सगळी नावं अभिमानाने सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे सगळं बंद करा. खिडक्या उघड्या ठेवा. नाहीतर पोरीला दमा जडेल, आणि तो मग आयुष्यभर उतरत नाही.”

मधुकरने डॉक्टर बदलला. म्हणाला, “दवाखान्यातला पंखा पाहिलास? जळमटं लोंबत होती. आणि हा आपल्याला आरोग्य शिकवणार!”

त्याच दिवशी घरी परतताना उत्तराने ठरवलं होतं, की पंप बंद. ठरवायला फार वेळ लागला नाही. बोलायला लागला. दिवाळी होती, दिवाळीच्या साफसफाईत कोण ऐकणार? मग मृणालिनीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. वाक्य तयार होतं, ते ती पोळ्या लाटताना मनात घोळवायचीही. शब्द थोडे, अर्थ स्पष्ट. ऐकणारा सापडत नव्हता, कारण मधुकर घरात असला की तोंडावर रुमाल बांधून फवारत असायचा आणि नसला की सोसायटीच्या ऑफिसात असायचा.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मधुकर जेवताना म्हणाला, “परीक्षक येतील तोवर शुभाला खाली विमलाकडे ठेवू या.”

“का?” उत्तराने विचारलं.

“अगं, आरोग्याचे गुण असतात. घरात खोकणारं मूल म्हणजे ते गेलेच ना! शिवाय मला रोज फवारायचंय. तिला त्रास नको.”

“तिला त्रास होतो हे तुम्हाला मान्य आहे तर.”

“त्रास खोकल्याचा होतो गं. फवाऱ्याचा काय संबंध?”

“विमलाच्या घरात झुरळं असतील,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“म्हणून तर वर आणताना आधी आंघोळ घालायची,” मधुकर म्हणाला आणि भात वाढून घेतला.

तळमजल्यावरच्या विमलाच्या घरात स्वच्छतेचं कसलंच तत्त्व नव्हतं. तिचा नवरा गुणाजी गिरणीत होता. संपात गिरणी गेली, आता तो एका गोदामात होता. ओट्यावर कालचं भांडं, खाटेखाली सुकटीचा डबा, दोरीवर कपडे, आणि खिडकी सताड उघडी. ती उघडी ठेवण्यामागेही विचार नव्हता. लाकूड फुगून पल्ला अडकला होता आणि सुताराला बोलवायचं विमला विसरत होती.

चार दिवसांनी दुपारी उत्तरा शुभाचे कपडे घेऊन खाली गेली. शुभा खाटेवरून उड्या मारत होती आणि उडी मारता मारता वरच्या पट्टीत गात होती. उत्तरा दारातच थांबली. ती गाणं ऐकत नव्हती, ओळींच्या मधला श्वास ऐकत होती. शिट्टी नव्हती.

“वैनी, येवा गो आत,” विमला म्हणाली. “तुम्ही म्हणतास पोर खोकता. माका तर रातभर आवाज येवक नाय. मस्त जेवता, मस्त निजता.”

“कधीपासून?”

“आता मी काय घड्याळ लावन बसलंय? दुसऱ्या दिसापासून म्हणा.” विमलाने पदराने एक झुरळ ओट्यावरून झटकलं. “पण वैनी, माका ती पावडर देवा थोडी. ह्या मेल्यांनी नुसतो जीव खाल्ल्यानी.”

“नको.”

“कित्या? तुमच्या घरात साहेबांनी पोत्यान वतल्यानी हा!”

“शुभा आहे इथे तोवर तरी नको, विमलाताई. एक चिमूटसुद्धा नको.”

“बरा गो बाय, नाय टाकणंय. वरडतंस कित्या?”

जिना चढताना उत्तराला कळलं, की आपण खरंच ओरडलो. तीन महिने तयार असलेलं वाक्य पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं, तेही दुसऱ्याच्या घरात, जिच्याकडे पावडर नव्हतीच तिच्यासमोर.

रविवारी परीक्षक आले. सुलक्षणाबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि कुंडलिकराव निवृत्त आरोग्य निरीक्षक. दार उघडताच कुंडलिकरावांनी खोल श्वास घेतला, त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते प्रसन्न होऊन म्हणाले, “वा! याला म्हणतात स्वच्छ घर. वासावरूनच कळतं.”

सुलक्षणाबाईंनी खिडकीतल्या वेलाला बोट लावून पाहिलं. “किती हिरवागार! आणि पाणीसुद्धा घालायला नको.”

“पाण्याची बचत, हेही पर्यावरणच,” मधुकर म्हणाला.

“अगदी बरोबर. लिहिते हं मी.” त्यांनी चष्मा सारखा केला. “आता आरोग्य. गेल्या वर्षात घरात काही आजारपण?”

“काहीच नाही.”

“आईंच्या डोळ्यांवर हा काळा चष्मा?”

“तो वयाचा भाग.”

“मुलं?”

“एक मुलगी. एकदम ठणठणीत. मावशीकडे गेलीय.”

उत्तरा चहाचा ट्रे धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलताना अडखळलासुद्धा नव्हता.

तेवढ्यात उघड्या दारातून शुभा आत आली. “आई, माझी रंगपेटी राहिली,” म्हणत ती खोलीच्या मध्यापर्यंत पोचली आणि खोकली. मग पुन्हा खोकली, वाकून, गुडघ्यांवर हात टेकून. छातीतली शिट्टी सुलक्षणाबाईंपर्यंत ऐकू गेली. कोणी काही म्हणायच्या आत ती स्वतःच वळली, उंबऱ्याबाहेर जिन्याच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि तोंड उघडं टाकून हवा घेऊ लागली.

“अगं बाळ, ये ना आत,” सुलक्षणाबाई म्हणाल्या.

“नको. इथे बरं वाटतं,” शुभा म्हणाली. “घरात नाही वाटत.”

मृणालिनीबाई घाईने म्हणाल्या, “खालच्या बाईकडून काहीतरी घेऊन आलीय. तिथं झुरळं आहेत हो!”

“तरीच,” कुंडलिकराव म्हणाले. “झुरळांमुळेच होतं असं. सबनीस, तुम्ही फवारा अजिबात सोडू नका. उलट वाढवा.”

“बघा, तेच मी सांगतो हिला!” मधुकरच्या आवाजात पुन्हा जोर आला. “थांबा, तुम्हाला आमची पद्धतच दाखवतो.” त्याने कोपऱ्यातला पंप उचलला, एका हाताने खिडकी ओढून लावली आणि शुभाला म्हणाला, “बाळ, तू तिथेच बस हं थोडा वेळ.”

उत्तराने ट्रे टीपॉयवर ठेवला. कप हलले नाहीत. ती खिडकीपाशी गेली, कडी काढली आणि दोन्ही पल्ले भिंतीला टेकेपर्यंत उघडले. प्लॅस्टिकच्या वेलाचं एक टोक सुटून खाली लोंबकळलं.

“अगं, काय करतेस? परीक्षक बसलेत,” मधुकर दबक्या आवाजात म्हणाला.

“बसलेत ते बरं झालं. अहो, पंप खाली ठेवा. आजपासून या घरात फवारा नाही, पावडर नाही आणि बंद खिडकी नाही. शुभा आज वर येणार आहे, आंघोळ न करता, आणि इथेच झोपणार आहे. ज्याला पंपाशिवाय करमत नसेल, त्याने पंप घेऊन सोसायटीच्या ऑफिसात झोपायला जावं.”