हरणाच्या कागदाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगावर गंज, पोटात माती आणि तांबड्या फुलांचे जिरेनियमचे रोप. पण मित्रांनो, या मातीखाली एक खोटेपणा अजून श्वास घेतो आहे.

बल्गेरियातल्या एका कारखान्यात माझ्यात कुत्र्यांसाठी शिजवलेली कोंबडी भरली गेली. तिथे डबे आधी उघड्या अंगानेच रचून ठेवत. मागणी येईल तसा कागद चिकटवत. आत काय आहे, ते केवळ बुडावर ठोकलेल्या आकड्यांना ठाऊक असे. एकदा हरणाच्या मांसाचे डबे कमी पडले.

"लावा यांनाच हरीण," मुकादम गेंचो म्हणाला. "कुत्रं काय तक्रार करायला येतंय?"

"अहो, पण माणसं वाचून घेतात," कागद चिकटवणारी पेन्का पुटपुटली.

"मग वाचू देत की! छापलंय ना झकास?"

सारे हसले. माझ्या अंगावर एक देखणे हरीण चिकटले.

निवृत्त शिक्षिका राडकाने चष्मा पुसून माझे अक्षर न् अक्षर वाचले. तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, मेचोला, कोंबडीचा कणही सोसत नसे. तिने सात डबे नेले, मी शेवटचा. मेचोचे पोट बिघडत गेले, तसतशी ती अधिकच विश्वासाने हरीण वाढत गेली. मला चाटूनपुसून रिकामे केले, त्याच्या दुसऱ्या सकाळी तो गेला. त्याच्या आठवणीसाठी तिने माझ्या बुडाला खिळ्याने भोके पाडली आणि रोप लावले. आकड्यांकडे तिचे लक्ष गेले नाही.

संशय गेला शेजारच्या दोन्कावर. कुंपणावरून मेचोला घास टाकायची तिची सवय होती. क्षमेचा रविवार आला. त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या दारी माफी मागायला जायचे असते. दोन्काने दार ठोठावले.

"राडकाताई, मी काही घातलं नाही गं त्याला. तरी माफ कर."

"डब्यावर हरीण छापलंय, दोन्का. छापलेलं कसं खोटं असेल? तूच खोटं बोलतेस."

दार उघडले नाही.

उन्हाळ्याआधीच दोन्काच्या फाटकावर, तिकडच्या रीतीप्रमाणे, तिच्या फोटोसह मृत्यूचा कागद लागला. तो कागद मात्र खरा होता. मग वर्तमानपत्रात कारखान्याचे बिंग फुटले, कोंबडीच्या डब्यांच्या बुडावरच्या आकड्यांसकट. राडकाने मला उचलून उलटे धरले. माती तिच्या अंगावर सांडली. आकड्यांवरून तिचे बोट कितीतरी वेळ फिरत राहिले.

आता दर क्षमेच्या रविवारी ती मला घेऊन त्या बंद फाटकाशी जाते. वयाने थोरली असूनही तीच ठोठावते.

"दोन्का, उघड गं. मी आलेय."

फिकटलेला कागद तेवढा फडफडतो.

मित्रांनो, मुक्या जनावराच्या ताटात जे असेल, तेच कागदावर लिहा. आणि शेजारीण दार ठोठावेल, तेव्हा उघडा.