बादली घेऊन घर बघायला गेलेली माणसं

आमच्या ह्यांची मोठ्या शहरात बदली झाली तेव्हा सगळ्यांनी ह्यांचं अभिनंदन केलं, मी सोडून. गावात माझं शिवणकाम बारा वर्षं चालू होतं. निम्म्या गावाच्या कमरेचा घेर मला तोंडपाठ होता, आणि कोणाचा कधी वाढला हेही. शहरात मला कुत्रं विचारणार नव्हतं.

आमचे हे वजनं-मापं तपासणारे अधिकारी. दुकानांतले तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या, सगळं खरं आहे का ते बघायचं, हे ह्यांचं काम. ते ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही? पण नाही. मी "अर्धा तास लागेल" म्हटलं की हे घड्याळ लावून बसणार. सासूबाई म्हणतात, लहानपणी दूध पिण्याआधी हा पेला उचलून उजेडात धरायचा.

ऑफिसजवळ ह्यांच्या एका सहकाऱ्याची खोली रिकामी होती. एकच खोली. तिथे माझं मशीन ठेवलं तर सासूबाई बाहेर, आणि सासूबाई ठेवल्या तर मशीन बाहेर. ह्यांनी मशीनची आणि सासूबाईंची मापं घेऊन कागदावर आकृतीसुद्धा काढली होती. सासूबाईंनी ती बघितली आणि दोन दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"लांब राहू," मी म्हटलं. "दोन खोल्या घेऊ. शहरातली माणसं काय कपडे घालत नाहीत? महिन्याभरात मी काम मिळवून दाखवते."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर त्या एका खोलीत जाऊ. मशीन विकून टाकू."

बोलून गेले खरी, आणि लगेच मशीनकडे बघितलं. हे मशीन मी स्वतः शिवून मिळवलेल्या पैशांतून घेतलं होतं. सहकाऱ्यानं खोली महिनाभर राखून ठेवायचं कबूल केलं. मी मशीनला फुलाफुलांच्या पिवळ्या कापडाचं नवं झाकण शिवलं, आणि आम्ही तिघं घर शोधायला निघालो.

घर बघायची प्रत्येकाची रीत वेगळी. सासूबाई वास घेतात. दारात उभं राहून दोनदा नाक ओढतात आणि आतल्या माणसांची कुंडली सांगतात. ह्यांचा विश्वास फक्त पाण्यावर. नळाखाली बादली लावायची आणि ती किती वेळात भरते ते घड्याळावर बघायचं. बादली आमचीच, घरून नेलेली, पंधरा लिटरची, ह्यांनी स्वतः तपासलेली. दुसऱ्याच्या बादलीचा काय भरवसा? त्यामुळे त्या अख्ख्या शहरात आम्ही लाल बादली घेऊन हिंडत होतो. बसमध्ये लोक आम्हाला जागा देत. बादलीत काय आहे ते माहीत नसल्यामुळे देत असावेत.

मी मात्र वाळत घातलेले कपडे बघते. माणूस तोंडानं थापा मारेल, पण दोरीवरचा त्याचा शर्ट खरं तेच सांगतो.

पहिल्या वस्तीत उंच उंच इमारती होत्या, आणि दोरीवर एकही कपडा नाही. तिथले लोक कपडे दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. शिवाय भाड्याचा आकडा ऐकून ह्यांनी नळसुद्धा उघडला नाही. दुसऱ्या वस्तीत कपडे जुने, पण टाके असे नेटके की ठिगळ शोधावं लागे. म्हणजे माझ्यासारख्या दोघीतिघी तिथे आधीच ठाण मांडून होत्या. बादलीला तिथे सात मिनिटं लागली. तिसऱ्या वस्तीत सासूबाईंनी दोनदा नाक ओढलं आणि तशाच परत फिरल्या.

चौथ्या दिवशी एजंट आम्हाला एका अरुंद गल्लीत घेऊन गेला. हा एजंट गोल, हसरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालला की दुकान उघडल्यासारखा आवाज यायचा. मी मान वर केली आणि बघतच राहिले. ह्या घरापासून त्या घरापर्यंत, तीन मजले, दोऱ्याच दोऱ्या, आणि त्यांवर कपडेच कपडे. आणि काय कापड! उंची शर्ट, चांगल्या लोकरीचे कोट. पण टाके? काळ्या कोटाला पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं बटण! एका शर्टाची कॉलर तर जखमेला टाके घालावेत तशी शिवली होती. मी दोन-तीन कपडे उलटे करून बघितले आणि मला भरून आलं. महागडं कापड घालणारी आणि सुई कशी धरायची ते न कळणारी माणसं! माझ्यासाठी याहून चांगली वस्ती कुठे असणार?

"बावीस सेकंद!" हे आतून ओरडले. मग परत एकदा. मग तिसऱ्यांदा. "बावीस! आत या, बघा!" लग्नातसुद्धा मी ह्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या राहून नाक ओढत होत्या. "साबणाचा वास आहे," त्या मान डोलवत म्हणाल्या. "सगळ्या गल्लीत. माणसं स्वच्छ आहेत हो."

भाडं इतर ठिकाणच्या निम्मं होतं. मी विचारलं, "एवढं कमी कसं?"

"भिंतींना जरा ओल असते," एजंट म्हणाला. "पण तुमच्यासारख्यांना त्याचं काय!"

आम्हाला वाटलं, आमचा साधेपणा त्याला आवडला.

सामान येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्या वस्तीशी ओळख करून घेतली होती. एक लठ्ठ गृहस्थ होते, त्यांचं तिसरं बटण नेहमी तुटायचं. एक उंच बाई होत्या, त्यांना बाह्या कायम आखूड व्हायच्या. आणि कोपऱ्यातल्या दोरीवर एक छोटा पिवळा फ्रॉक होता. त्याची खालची दुमड तीनदा उसवून फ्रॉक लांब केला होता, तिन्ही जुन्या घड्यांच्या रेघा दिसत होत्या. पोरगी भराभर वाढत असणार. तिच्या आईशी पहिली ओळख करायची, असं मी ठरवून टाकलं.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन हादरायला लागली. मी खिडकी उघडली. गल्लीत हातगाड्यांची रांग, गाड्यांवर गाठोडी, आणि प्रत्येक दारातून वाफ. घरोघरी मोठाली धुलाईची मशीनं धडधडत होती. आधी आम्ही आलो ते नेहमी दुपारी, मशीनं थांबल्यावर. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलांतले, बंगल्यांतले कपडे ह्या गल्लीत धुवायला येत होते. अख्खी गल्ली धुलाईवाल्यांची!

माझे लठ्ठ गृहस्थ तिथे राहतच नव्हते. उंच बाईही नाहीत. माझी सगळी वस्ती संध्याकाळी इस्त्री होऊन, घड्या घालून, हातगाडीवर बसून आपापल्या घरी निघून गेली.

"तरीच पाण्याचा पाईप इतका जाड," हे हळूच म्हणाले.

सासूबाईंना एवढं हसू आलं की त्या ट्रंकेवर बसल्या. "बादलीनं दगा दिला रे तुला!" म्हणाल्या. मी म्हटलं, साबणाचा वास कोणाला आला होता? मग त्या उठून ट्रंक उघडायला लागल्या.

मी खिडकीत पाटी लावली, 'कपडे दुरुस्त करून मिळतील'. आठवडा गेला, दोन गेले, कोणी फिरकलं नाही. आणि नुसतं तेवढंच नाही. मी जिना उतरले की बायका बोलायच्या थांबत. आमच्या खालीच एक धुलाईवाली राहायची, चांगली थोराड, खणखणीत आवाजाची. मी हसले की ती दार लावून घ्यायची. मी असं काय घोडं मारलं होतं ह्यांचं? पिवळं झाकण मशीनवरून निघत नव्हतं. हे रोज सव्वा तासाचा प्रवास करून येत, त्या झाकणाकडे बघत आणि काही बोलत नसत. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर मी भांडले तरी असते.

महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा एजंट भाड्याच्या कागदावर सह्या घ्यायला आला.

"मग वहिनी, रोज किती गाठोडी येतात?"

"कसली गाठोडी?"

"धुवायची! पाटीची युक्ती भारी आहे हं तुमची. आधी दुरुस्ती, मग हळूच धुलाई. पण गल्लीला कळलंय ते."

"आम्ही धुलाईवाले आहोत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" तो म्हणाला. "अहो, बादली घेऊन घर बघायला आलेली माणसं मी जन्मात पहिल्यांदा बघितली. साहेबांनी नळ तीनदा तपासला. तुम्ही दोरीवरचे कपडे उलटेसुलटे करून बघितले. आजी तर साबणाचा वास घेऊन मान डोलवत होत्या! मी म्हटलं, ही धंद्यात मुरलेली माणसं आहेत. त्याच दिवशी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, सांभाळा, धुलाईतलं जबरदस्त कुटुंब येतंय म्हणून."

तो गेल्यावर मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि रडावं की बादली खाली फेकावी ते कळत नव्हतं. समोर दोरीवर एक काळा कोट होता, पांढऱ्या दोऱ्यानं लावलेल्या बटणाचा. त्याच्या शेजारी पिवळा फ्रॉक. फ्रॉकची दुमडसुद्धा पांढऱ्याच दोऱ्यानं घातलेली. गाठ जाडजूड, आणि दोऱ्याचं टोक उंदराच्या शेपटीसारखं बाहेर सोडलेलं. कोटाची गाठही तशीच. पलीकडच्या शर्टाचीही. मी भराभर सगळ्या दोऱ्या बघितल्या. सगळ्या कपड्यांवर एकच हात होता! इतके दिवस मी कपड्यांचे मालक शोधत बसले, आणि टाके कोणाचे ते बघितलंच नाही. बारा वर्षं शिवणकाम करून मला हे दिसू नये?

सुईदोरा घेतला आणि तडक खाली धुलाईवालीकडे गेले. दार लागायच्या आत चौकटीत पाय घातला.

"त्या काळ्या कोटाचं बटण कोणी लावलं?"

"मी लावलं," धुलाईवाली म्हणाली. "का? तुमच्या पोटात दुखतंय?"

"हो, दुखतंय. असं बटण बघून कोणाच्याही दुखेल."

ती भांडायला पुढे झाली आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं फुगलेली, पांढरी पडलेली, पेरापेरावर चिरा. "ह्या बोटांत सुई धरून दाखवा," ती म्हणाली. "दिवसभर पाण्यात असतात. मशीनमध्ये बटणं तुटतात, आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं शंख करतं. मग लावते कशीतरी."

"सगळ्या गल्लीची तुम्हीच लावता?"

"त्यातल्या त्यात माझीच बोटं बरी आहेत."

पायरीवर बसले, तिच्याकडून दोरीवरचा कोट मागून मांडीवर घेतला, बटण कापून काढलं आणि काळ्या दोऱ्यानं नीट लावलं. ती उभ्यानं बघत होती.

"तुम्ही खरंच धुलाई करत नाही?" तिनं विचारलं.

"घरचेच कपडे कसेबसे धुते. माझ्या सासूबाईंना विचारा."

"अगदी खरं आहे!" वरच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. गल्लीतल्या बायका ऐकायला बाहेर आल्या, तशा सासूबाई आणखी मोठ्यानं म्हणाल्या, "हिनं धुतलेले कपडे मी परत धुते! सोळा वर्षं धुतेय!"

सासूबाईंनी चारचौघांत माझी अब्रू घालवली आणि मला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आमच्या दारात चार गाठोडी आली. दुसऱ्या दिवशी नऊ. लठ्ठ गृहस्थांचे शर्ट आले, मी त्यांचं तिसरं बटण दुहेरी दोऱ्यानं लावलं. उंच बाईंच्या बाह्या आल्या. सासूबाई दारात बसून कपड्यांचा वास घेऊन कोणाचं गाठोडं कोणतं ते सांगू लागल्या आणि एकदाही चुकल्या नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी धुलाईवाली स्वतः वर आली. गाठोडं ठेवलं आणि पदराआड धरलेला पिवळा फ्रॉक त्यावर ठेवला.

"हा गिऱ्हाइकाचा नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा आहे. तिला दुसरा आवडतच नाही. आता दुमडच उरली नाही त्याला. होईल का काही?"

त्या सगळ्या दोऱ्यांवर ह्या गल्लीतला असा तोच एक कपडा होता, आणि तो मी पहिल्या दिवशीच हेरला होता. मी दुमड उसवली. आत खरंच बोटभरही कापड नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. मग मशीनवरचं फुलाफुलांचं पिवळं झाकण काढलं आणि त्यात सरळ कात्री घातली. मशीन आता झाकून ठेवायचं नव्हतंच.

हे घरी आले तेव्हा फ्रॉक समोरच्या दोरीवर होता आणि मी शर्टांच्या ढिगात बसले होते. ह्यांनी उघड्या मशीनकडे बघितलं, मग दोरीकडे. खोलीचं काय करायचं ते त्यांनी विचारलंच नाही. सहकाऱ्याला फोन करून "नको" म्हणाले आणि खिडकीत उभे राहिले.

"चार इंच वाढवलास?"

"पाच," मी म्हटलं.

ह्यांचा हात खिशातल्या टेपकडे गेला. मग तो तसाच बाहेर आला.

"पाच," हे म्हणाले, आणि बादली घेऊन पाणी भरायला गेले.