तिसरी काडी

"पुन्हा उपटलीत ना?"

पलंगावरून बायकोने विचारले. मशीनमास्तर खिडकीपाशी अंजिराची काडी हातात धरून उभे होते. खालच्या टोकाला मूळ फुटले आहे का, ते चष्मा कपाळावर चढवून न्याहाळत होते.

"उपटली नाही. जरा वर करून बघितली."

"शिलाई मशीन आहे का ते, खोलून बघायला? आणि पाणी घालताय की तेल?"

मशीनला तेल घालायची लांब चोचीची डबी धुऊन मास्तरांनी पाण्याला घेतली होती. जन्मभर मशिनी दुरुस्त केलेला माणूस. बिघाड असो नसो, खोलून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. 'आता घरी न्या,' असे सांगून इस्पितळाने तिला सोडले, त्याच सुमारास तिच्या माहेरचे अंजिराचे झाड गॅरेजसाठी पाडले गेले. भावाकडून तिने तीन काड्या मागवल्या. "एक तरी डोळ्यांदेखत लागू दे," म्हणाली. दोन मास्तरांनी वर करून बघता बघता घालवल्या.

तिसरीला मात्र दोन पाने फुटली. त्या दिवशी ती उशीला टेकून बसली, चहा मागितला, मास्तरांकडून वेणीही घालून घेतली. वेणी सैल झाली, पण तिने चालवून घेतली. मास्तरांना स्वर्ग दोन बोटे उरला. मोठी कुंडी आणायला ते तडक रोपवाटिकेत गेले.

"मूळ धरलंय का?" तिथल्या माळ्याने विचारले.

"पानं आली म्हणजे मूळ आलंच की."

"तसं नसतं काका. काडीत जो रस साठलेला असतो ना, त्याच्यावर पानं फुटतात. तो संपला की गळतात. मूळ धरलं तर धरलं. आत्ता कुंडी बदलू नका, हात तर लावूच नका."

मास्तर रिकाम्या हातांनी निघाले. वाटेत त्यांना सकाळचा चहा आठवला, ती वेणी आठवली, आणि ते घराकडे भरभर चालू लागले.

"कुंडी कुठंय?" तिने विचारले.

"नको म्हणाला. आहे त्यातच छान लागलंय म्हणाला."

तिने मान वळवून खिडकीतल्या दोन पानांकडे बघितले.

"मग आता उपटू नका."

त्याच आठवड्यात ती गेली. मागोमाग पानेही गळाली.

आवराआवर करताना मुलीने कुंडी उचलली. "बाबा, ही वाळलीये. टाकून देऊ?"

"लागलीये म्हणून सांगितलं होतं मी तुझ्या आईला. खोटंच."

"तिला माहीत होतं, बाबा. फोनवर म्हणाली, नुसत्या रसावर आलीत पानं, मी त्या झाडाखालीच वाढलेय. पण बाबांना बोलू नकोस, खुशीत आहेत."

मास्तरांनी तिच्या हातातून कुंडी घेतली आणि परत खिडकीत ठेवली. सवयीने काडी चिमटीत धरली. जरा ओढली असती तर आत काय आहे ते कळले असते. त्यांनी बोटे सोडली. मग डबी उचलली आणि काडीच्या कडेकडेने मातीत थेंब थेंब पाणी सोडत राहिले.