पाच पाकळ्यांची फुलं

किटलीचं बटण टक्कन उडालं आणि मी दचकले. वेदांत हलला नाही. पाच महिन्यांच्या बाळाची दुपारची झोप एवढाच माझा वेळ. त्यात मी आईनं पाठवलेल्या क्रोशाच्या फुलांना मागून पिना शिवत बसले होते. शुक्रवारी डॅफोडिल डे.

दर मार्चमध्ये इथे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशच्या सुपरमार्केटच्या दारात आम्ही टेबल मांडतो. कॅन्सरच्या संशोधनासाठी लोक डब्यात काही ना काही टाकतात आणि पिवळं फूल कोटाला लावून जातात. गेली तीन वर्षं त्यातली शंभरेक फुलं नाशिकहून येतात. माझ्या आईच्या हातची.

यंदा टाके सैल होते. कितीतरी फुलांना सहाऐवजी पाचच पाकळ्या. आई जन्मभर शाळेत गणित शिकवत आली, म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी मी फोनवर तिला चिडवलं होतं, "काय हो बाई, सहापर्यंत मोजता येईना का आता?"

"तुमच्याकडच्या वाऱ्यात तशीही एक उडणारच," ती म्हणाली होती.

मघाशी प्रभाकाकूंचा फोन आला. काकू आईच्या शेजारी, सध्या डब्लिनला लेकाकडे आल्यात. फुलं त्यांनीच आणली आणि तिथून पोस्टानं पाठवली. पोचली का वगैरे विचारून झालं आणि म्हणाल्या, "आणि काळजी करू नकोस हो. लीलावतीताईंचे केस छान यायला लागलेत. केमो संपून दोन महिने झाले की."

"हो ना," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. आपल्या आईचं आपल्याला माहीत नाही, हे शेजारणीला कसं सांगायचं?

मग नवऱ्याला, मुकुलला, प्लांटवर फोन लावला. "आईला कॅन्सर होता?"

त्याच्या मागे मशीन चालू होतं. "घरी आलो की बोलू या, गिरिजा."

"कधीपासून माहितीय तुला?"

"ऑगस्टपासून. तुला सातवा महिना होता. आईंनी शपथ घातली मला."

म्हणजे माझ्या बाळंतपणाला ती आली नाही ते गुडघ्यांमुळे नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिच्या डोक्याला स्कार्फ असायचा. नाशिकला यंदा फार थंडी आहे, म्हणायची. आणि मुकुल माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला असायचा. "जपा हं आई थंडीला," म्हणायचा.

आईनं पहिल्या रिंगलाच फोन उचलला. माझा आवाज ऐकून म्हणाली, "बोलली वाटतं प्रभा."

"तू का नाही बोललीस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"आले असते."

"म्हणूनच."

मग तीच म्हणाली, "बोटं बधिर व्हायची गं. टाका कळायचा नाही. पण सलाईन संपेपर्यंत नुसतं बसून काय करायचं? म्हटलं, तुझी फुलं तरी होतील."

मला खूप बोलायचं होतं. टेबलाशी उभी राहून मी अनोळखी माणसांना सांगत असते, कुणाच्या तरी आईच्या उपयोगी पडेल हे. तीन वर्षं सांगतेय. मला मात्र सांगावं, असं एकाही माणसाला वाटलं नाही.

"जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

माझी लेक इरावती शाळेतून आल्यापासून टेबलाखाली चित्रं काढत होती, सगळं ऐकत. सहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशच. वर येऊन तिनं एक फूल उचललं, पाकळ्या मोजल्या.

"धिस वन्स ब्रोकन."

"नाही. ते तसंच आहे."

"आर यू क्रायिंग?"

"सर्दी झालीय गं."

तिनं फूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि कधी नव्हे ते मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई, मी मोठी झाले आणि लांब गेले, तर तू मला सांगशील?"