फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

भैयाजींच्या जिवाला आठ दिवसांपासून थारा नव्हता. अंगणात बसले की उठायचे, उठले की बांधावर जायचे, बांधावर पोचले की काहीतरी विसरलं म्हणत घरी परतायचे. बिरसीच्या आभाळात शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर गोल घिरट्या घालतात आणि शेवटी निघाली तिथंच उतरतात. भैयाजींच्या पत्नी वच्छलाबाई म्हणायच्या, तसलंच एक आमच्या घरात आहे. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं भिरभिरणं शोभत नव्हतं, पण शोभेची पर्वा भैयाजींनी कधी केलेली नव्हती.

निमित्त होतं गयेचं. पितृपक्षाचे दिवस, दशमीची गोंदियाहून तिकिटं काढलेली. एकदा गयेला पिंड दिले की मागं गेलेले सगळे मोकळे, आणि घरचं श्राद्धही सुटलं. पंडितजींनी नावांची आणि तिथ्यांची यादी मागितली होती. भैयाजींनी वहीच्या पानावर अकरा नावं लिहिली. दहा नावांपुढं तिथी होती. अकराव्या नावापुढं, म्हणजे रुख्मापुढं, काहीच नव्हतं.

"अमावस्येत टाका ना बाबा," मुलगा ओमेश म्हणाला. "सर्वपित्री कायसाठी असते मंग?"

"तुले का समजते त्यातलं," भैयाजी म्हणाले, आणि पुन्हा उठून बांधावर गेले.

रुख्मा त्यांची मोठी बहीण. आठ वर्षांनी मोठी. ह्यांना कडेवर घेऊन फिरायची आणि 'भैया, भैया' म्हणायची, तेच नाव पुढं सगळ्या गावानं उचललं. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, दरेकशाच्या पलीकडं जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे दहावीस घरांच्या वस्तीवर. जावई श्यामलाल. लग्नातच मानपानावरून बापाचं आणि सोयऱ्यांचं वाजलं, येणंजाणं तुटलं. दोन वर्षांनी श्रावणात पोस्टमननं एक कार्ड आणून दिलं. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयतीची खबर. ते कुणी घरात नेत नाही. बाहेरच वाचायचं, वळचणीला खोचायचं, आंघोळी करायच्या आणि मग ते पाण्यात सोडून द्यायचं. घरात वाचता येणारा एकच जण होता, दहा वर्षांचा भैया, तिसरीतला. रुख्माला दिवस गेलेत एवढं उडत उडत कानावर आलेलं होतं, त्यामुळं आई आधीच देवाचं नाव घेत होती. "कोणाचं नाव हाये, वाचून पाय," बाप म्हणाला. पोरानं कार्ड हातात घेतलं. शाई पावसानं फुटली होती. सगळ्यात खाली, ठळक, एक नाव होतं. त्यानं ते वाचलं. रुख्मा.

आईनं जो हंबरडा फोडला, त्यानंतर कुणी पुढं वाच म्हटलंच नाही. कार्ड वळचणीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी नाल्याला. ज्या घरानं माझी लेक खाल्ली त्या घराची वाट या घरातलं कुणी चालणार नाही, असं बाप म्हणाला आणि मरेपर्यंत त्यानं ते पाळलं. रुख्मा नवरा असताना गेली, म्हणून दरवर्षी नवमीला तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बसू लागली. तिला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. आधी आई करायची, मग वच्छलाबाई.

आपण फक्त नाव वाचलं होतं, हे भैयाजींनी कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. पुढं ते मोठे झाले, स्वतः चार पत्रं लिहिली, तेव्हा एक दिवस हात मध्येच थांबला. पत्राच्या खाली नाव असतं ते लिहिणाऱ्याचं. त्या दिवसापासून मनात एक शंका होती, आणि तिच्यावर माती लोटत लोटत त्यांनी पन्नास वर्षं काढली. तपास करायची हिंमत झाली नाही. हे भ्याडपणाचंच होतं, त्याला दुसरं नाव नाही. पण आता तिच्या नावाचा पिंड पडणार होता, आणि तो पडण्याआधी कुठंतरी, कुणाच्यातरी हातचं लिहिलेलं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं, की रुख्मा मेली.

अष्टमीच्या सकाळी ते ओमेशच्या मोटारसायकलवर मागं बसले. "उद्या नवमी आहे, येता येता लुगडं आणा," वच्छलाबाईंनी बजावलं. आमगावच्या बाजारात ओमेशनं ते घेऊन पिशवीत टाकलं. हलका धान निसवला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वास येत होता, एरवी भैयाजींनी चार शेतं नावं ठेवत पार केली असती. आज ते फक्त "चाल, चाल" म्हणत होते.

"चालूनच राहिलो ना," ओमेश म्हणाला. "साठ वर्षं झाले तिले मरून. आज काऊन घाई करून राहिले?"



सालेकशाच्या तहसिलीत जुनी दप्तरं सांभाळायला हर्षा मॅडम होत्या. त्यांच्या टेबलासमोर चारपाच जण आधीच उभे होते, सगळे जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधायला आलेले. पूर्वी गावोगावचे कोतवाल जन्ममरणाची वही ठेवत, त्या वह्या इथं लाल कापडात बांधून होत्या. मेलेल्या आजोबांना एवढे वारस एरवी कधी विचारत नाहीत.

"जातीसाठी का काका?" मॅडमनी विचारलं.

"नाई. तिथीसाठी."

मॅडमनी मान वर करून एकदा नीट पाहिलं. तिथीसाठी आलेलं गिऱ्हाईक बहुधा पहिलंच असावं. टोल्याचं नाव, साल, महिना विचारून त्या आत गेल्या आणि तासाभरानं एक वही घेऊन आल्या. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. भैयाजींनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला.

श्रावणाच्या त्या आठवड्यात टोल्यावर एकच मरण नोंदलेलं होतं. मॅडमनी बोट ठेवून वाचलं. "मयताचं नाव श्यामलाल. वय बावीस. कारण, साप चावून. खबर देणार..." त्यांनी बोट पुढं सरकवलं. "खबर देणार रुख्मा. मयताची बायको."

ओमेश काहीतरी बोलला. भैयाजींना ते ऐकू आलं नाही. बोट त्या ओळीवर तसंच होतं आणि ओळ संपत नव्हती.

"पुढं पाहा," ते शेवटी म्हणाले. "पुढं तिचंही असंल. बाळंतपणात गेली असंल."

मॅडमनी पुढची पानं उलटली. ती वही संपली, दुसरी आणली. लोक मागून कुरकुरायला लागले तरी त्या बाईंनी शोध सोडला नाही, हे त्यांचे उपकार. दहा वर्षांत त्या टोल्यावर साप, ताप, हगवण आणि म्हातारपण यांनी मिळून एकोणीस माणसं नेली. रुख्मा त्यांत नव्हती.

"नंतरचं ग्रामपंचायतीत," मॅडम म्हणाल्या. "तिथं कंप्युटरवर मिळेल."

बाहेर आल्यावर ओमेश गाडीला किल्ली लावेना. "बाबा," तो म्हणाला, "मंग तुम्हाले कोणं सांगतलं होतं, आत्या मेली मनून?"

भैयाजी मागच्या सीटवर बसले. "म्याच," ते म्हणाले. "चाल आता."

पुढचा रस्ता घाटाचा होता. त्या सगळ्या रस्त्यात ओमेशनं आरशातून एकदाही मागं पाहिलं नाही, आणि भैयाजींना ते शिव्यांपेक्षा जड गेलं. मनात ते तिला एकेका साली मारत होते. पंच्याहत्तर साली गेली असेल. पंच्याऐंशी साली गेली असेल. विधवा बाई, जंगलातली वस्ती, कोण जगतं एवढं. त्यांना तिची मरणाची तारीख हवी होती आणि ती सापडू नये असंही वाटत होतं, आणि दोन्ही गोष्टींची सारखीच भीती वाटत होती.

ग्रामसेवक धर्मेंद्र तरुण होता, जेवायचा डबा नुकताच उघडलेला. भैयाजींनी त्याला घास घेऊ दिला नाही. त्यानं मृत्यूच्या नोंदीत नाव टाकलं. काहीच आलं नाही. नाव थोडं बदलून टाकलं. तरी नाही.

"कोण रुख्माबाई?" त्यानं विचारलं. "नवऱ्याचं नाव?"

"श्यामलाल."

धर्मेंद्र हसला. "अरे काका, मयतीत काऊन शोधून राहिले? जागेश्वरची माय ना थे? तिचा हयातीचा दाखला म्याच देल्लो. निराधारच्या पेन्शनसाठी दरसाल देतो." त्यानं फाइल काढून पुढं सरकवली. दाखल्यावर लिहिलं होतं की, सदर महिला आज रोजी जिवंत असून माझ्यासमोर हजर आहे. खाली अंगठा होता.

त्या अंगठ्याकडं भैयाजी बघत राहिले. मग टेबलाला धरून खाली बसले, खुर्चीवर नाही, फरशीवरच. ओमेशनं पाणी दिलं. "उठा," तो म्हणाला, आता जरा मऊ आवाजात. "आत्याकडं जाऊ ना."

टोल्यावर पोचले तेव्हा चार वाजत आले होते. कौलारू घर, समोर सारवलेलं अंगण, एक म्हातारी सुपात टोऱ्या, मोहाच्या बिया, निवडत बसलेली. पातळ पांढरे केस, गळा मोकळा. मोटारसायकल थांबली तरी तिनं हात थांबवला नाही.

"जागेश्वर वावरात हाये," ती म्हणाली.

"त्याच्याकडं नाई आलो," भैयाजी म्हणाले. "बिरसीहून आलो."

सूप थांबलं. तिनं डोळे बारीक करून आधी ओमेशला पाहिलं, मग भैयाजींना, बराच वेळ. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावर दिसेना. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"माहेरचे व्हय," ती म्हणाली. "तेरवी त होऊन गेली, भैया."

नवरा गेला की बाईला माहेरचं लुगडं येतं. तेरव्या दिवशी बाप किंवा भाऊ ते घेऊन येतो, तिच्या अंगावर घालतो, म्हणजे तिच्या मागं कुणीतरी आहे असं चार लोकांसमोर ठरतं. भैयाजींना हे आयुष्यभर माहीत होतं. स्वतःच्या दोन चुलतबहिणींना त्यांनी ते नेऊन दिलं होतं. ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसले आणि त्रेसष्ट वर्षं दाबून ठेवलेलं एका दमात बोलून गेले. कार्ड, शाई, खालचं नाव, आईचा हंबरडा. "म्या फक्त नाव वाचलं, बाई. पुरं नाई वाचलो. आमी तुले मेली समजलो." हे सांगताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

रुख्मा ऐकत होती. मध्ये एकदा तिनं पदरानं तोंड पुसलं. "माय रडली का?" तिनं विचारलं.

"मरेपर्यंत."

"मले वाटलं, कोणी रडलंच नाई." ती म्हणाली, "तेरा दिवस वाट पायली. मंग म्याही मनलं, जाऊ द्या. माहेरचे मेले मनून समजीन."

"काय लिवलं होतं त्यात?"

"मास्तरनं लिवलं, म्या सांगतलं." तिला ते अजून तोंडपाठ होतं. शाळेतल्या कवितेसारखं तिनं एका सुरात म्हटलं, "हे गेले. मी एकली हाओ. बाबाचा राग असंल तं नोका येऊ. भैयाले पाठवा. रुख्मा."

ओमेश उठून मोटारसायकलपाशी गेला आणि उगाच आरसा पुसत उभा राहिला.

रुख्मानं हात पुढं केला. "खाली हातानं आला का?"

भैयाजींनी पिशवी उघडली. आत नवमीचं लुगडं होतं, तिच्याच श्राद्धाचं, गर्द हिरवं. त्यांचा हात पिशवीतच अडकला. "हिरवं हाये, बाई. हे तुले..."

"आण."

तिनं ते घेतलं, काठावरून अंगठा फिरवला, आणि पाठ वळवून बसली. माहेरच्या माणसानं ते अंगावर घालायचं असतं, स्वतः घ्यायचं नसतं. तेरव्याच्या दिवशी बसतात तशी ती मान खाली घालून वाट बघत होती. भैयाजी उठले आणि त्यांनी ते तिच्या खांद्यावरून पांघरलं.