साडेतीन फुटांवरून

आक्काताईच्या हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. त्याआधी तिला नवऱ्याबरोबर एक फोटो हवा होता. मोबाइलवरचा नको होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी फोटोग्राफर इलाहींनी ज्या कॅमेऱ्यानं तिच्या लग्नाचे फोटो काढले, त्याच कॅमेऱ्याचा. इलाहींचे हात आता थरथरतात, म्हणून मंगळवारी दुपारी त्यांची मुलगी सदफ तो कॅमेरा घेऊन कसबा बावड्याला आक्काताईच्या घरी गेली.

बाबासो आणि आक्काताई पलंगावर खेटून बसले.

"डोस्क्यावरचा पदर दिसू दे की," आक्काताई म्हणाली.

सदफनं जवळ जाऊन कॅमेऱ्याच्या खिडकीतून दोघांना चौकटीत नीट बसवलं आणि सहा फोटो काढले. आक्काताई मनापासून हसत होती.

घरी आल्यावर इलाहींनी विचारलं, "किती फुटांवरनं काढलीस?"

"साडेतीन."

"आणि जवळची खूण बघितलीस?"

सदफनं कॅमेरा परत डोळ्याला लावला. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी भिंगाच्या जरा वर आणि डावीकडं आहे. लांबच्या फोटोत फरक पडत नाही, पण जवळ गेलं की डोळ्याला एक दिसतं आणि फिल्मवर दुसरंच उमटतं. म्हणून चौकटीच्या आत एक बारीक रेघ असते. जवळून काढताना डोकं तिच्या खाली ठेवायचं. अब्बांनी दहादा सांगितलं होतं. तिनं तिकडं बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं फिल्म धुतली आणि ओलीच उजेडाकडं धरली. सहाही फोटोंत आक्काताईचं कपाळ कापलेलं. बाबासोंचा एक खांदा बाहेर.

"आता कुठल्या तोंडानं सांगू, अब्बा? उद्या आक्काताई दवाखान्यात जाणार."

"म्हणून आत्ताच सांग."

फोन बाबासोंनी उचलला. सदफनं अडखळत सगळं सांगितलं.

"सकाळी सातला ये," ते म्हणाले. "आठला रिक्षा हाय."

ती पोचली तेव्हा पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या. दोघं पलंगावर तयार बसली होती. सदफ पाठ भिंतीला लागेपर्यंत मागं सरकली. रेघ बघितली, परत बघितली, डोक्यावर भरपूर जागा सोडली. तीन फोटो झाले आणि बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

गुरुवारी ऑपरेशन चालू असताना ती लाल दिव्याखाली फोटो छापत होती. कागदावर हळूहळू भिंत आली, कॅलेंडर आलं, पदर पुरता आला. हसू मात्र नव्हतं. आक्काताईनं नवऱ्याची बाही मुठीत घट्ट धरली होती. वरची रेघ सांभाळण्याच्या नादात सदफला ते दिसलंच नव्हतं. दवाखान्यातून फोन येईपर्यंत ती त्या मुठीकडंच बघत बसली. ऑपरेशन नीट झालं होतं.

चौथ्या दिवशी आक्काताईनं उशीला टेकून फोटो हातात घेतला.

"एवढं भ्यालतो व्हय मी?"

"मी बी भ्यालतो," बाबासो म्हणाले, आणि तिच्या हातातला फोटो बघायला वाकले.