घाण न दाखवणारा रंग

मी एक जुनं अस्तर आहे, मित्रांनो. कोटाच्या आत असतं ना, तसंच; फक्त माझा कोट म्हणजे घरामागचा पोहण्याचा तलाव. व्हिनाइल नावाच्या जाड, प्लास्टिकसारख्या कापडाच्या पट्ट्या तापवून जोडल्या आणि माझा जन्म झाला. रंग फिका निळा, अंगावर ना नक्षी ना ठिपका. बसवणाऱ्यांनी मला आधी उन्हात मऊ होऊ दिलं, मग अनवाणी पायांनी माझी एकेक सुरकुती काठाकडे सारली. पाणी भरल्यावर शेजारी म्हणाले, "आभाळच उतरवलंत की खाली!"

पण फिक्या अंगावर काही लपत नाही, हाच पुढे माझा गुन्हा ठरला. झाडाचं पान पडलं, दिसलं. कोपऱ्यात शेवाळ धरलं, दिसलं. घरातले बाबा जाळी घेऊन येत आणि झाडाला सोडून मलाच बोल लावत. "याच्यावर माशी बसली तरी बोंब!" उन्हानं मी विटलो, कडक झालो, अंगावर ठिगळं चढली.

आईची तऱ्हा वेगळी. ती माझ्याकडे चोराकडे पाहावं तशी पाहायची. ठिगळं दाबायची, पाणी हुंगायची, माझ्याभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाची कडी लावलेली असली तरी ओढून बघायची. तिची लेक ठकी चार वर्षांची, तोंडाला कुलूप नाही. पण अंगणातला तो आवाज थांबला, की स्वयंपाकघरात आईच्या हातातला घास थांबे आणि खिडकीत तिचा चेहरा उगवे. बाबा हसत. "आल्या शंकासुरबाई!"

एके सकाळी नवं अस्तर निवडायला विक्रेता आला. बगलेत नमुन्यांची पिशवी, तोंडात साखर. रुमालाएवढे तुकडे त्यानं टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. बाबांचं बोट थेट एका गडद निळ्या तुकड्यावर गेलं. त्यावर काळ्या-करड्या गोट्यांची नक्षी होती.

"काय नजर आहे साहेब तुमची!" विक्रेता म्हणाला. "हाच सगळ्यात जास्त जातो. हा रंग घाण दाखवत नाही."

आईनं तुकडा उचलला. हुंगला, ताणला, उलटा करून पाहिला. मलाही त्या तुकड्याचा संशय आलाच होता. जो काहीच दाखवत नाही, त्याच्या पोटात काय असेल, कोणी सांगावं?

"घाण दाखवत नाही," आई हळूच म्हणाली, "म्हणजे आणखी काय काय दाखवत नाही?"

विक्रेत्याचं हसू जरा आखडलं. "वहिनी, पाणीच आहे ते. त्यात दाखवायचं काय?"

"तुम्ही कोरडा तुकडा टेबलावर दाखवताय. आम्ही तो पाण्याखाली बघणार. मोठा तुकडा आहे का तुमच्याकडे? चादरीएवढा?"

"गोधडी शिवताय की काय?"

"अगं, रंग निवडायचाय, सोयरीक नाही जमवायची," बाबा म्हणाले.

"सोयरीक असती तर इतकं विचारलं नसतं. मोडता तरी आली असती."

विक्रेत्यानं कुरकुरत गाडीतून त्याच नक्षीचा मोठा तुकडा आणला. आईनं तो उथळ बाजूला माझ्यावर अंथरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग आत जाऊन ठकीची बाहुली आणली. बाहुलीला ठकीच्या पोहण्याच्या कपड्यासारखाच निळा झगा होता. आईनं तिच्या झग्यात खडे भरले, दोघांना पाठ फिरवायला लावली आणि तिला पाण्यात सोडलं.

"आता शोधा."

बाबा ऐटीत काठाशी आले. वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठत होत्या आणि त्या गोट्यांची नक्षी हलत होती. बाबांनी डोळे बारीक केले. वाकले. गुडघ्यांवर बसले. "तो गोटा आहे... नाही, ती... थांब हं..."

मला ठाऊक होतं ती कुठे आहे. त्या तुकड्याच्या आडून तिचं ओझं माझ्या अंगावर होतं. पण मला बोलता कुठे येतं?

मागून ठकी ओरडली, "बाबा, माझी बाहुली बुडली? काढा ना तिला!"

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. आईनं काठीनं बाहुली ढकलून तुकड्याबाहेर, माझ्या विटक्या अंगावर आणली. वारा तोच, लाटा त्याच; पण आता बाहुली लख्ख दिसत होती. आई स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीतून म्हणाली, "इथूनसुद्धा दिसतेय."

बाबांनी गडद तुकडा विक्रेत्याच्या हातात दिला. "फिका द्या. नक्षी नको."

"पानं दिसतील हं. मग मला बोलू नका."

"दिसू देत," बाबा म्हणाले. "काढीन मी."

जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, तोच माझा गुण निघाला, मित्रांनो! तरी मला जावं लागलंच. मला सुरीनं कापलं, गुंडाळलं. एक तुकडा आईनं ठेवून घेतला. तो आता कुंपणाबाहेर, ठकीच्या वाळूच्या खड्ड्यावर झाकण म्हणून पडलेला असतो. तोच मी. इथून नव्या अस्तरावर माझी नजर असते. अजून तरी ते काही लपवत नाही.

परवा अंगणातला आवाज एकदम थांबला. खिडकीत चेहरा उगवला. आईनं तळ पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रिकामा, स्वच्छ, एक पान सोडून. तेवढ्यानं तिचा अडकलेला श्वास सुटला, तरी ती धावत आलीच. तिनं फाटकाची कडी ओढून पाहिली, मग माझी कड उचलली. माझ्याखाली वाळूत ठकी तोंडावर हात दाबून बसली होती.

मित्रांनो, आम्हाला घासा, पुसा, पान पडलं तर रागावू नका. पण एवढं लक्षात ठेवा: आम्ही कोणाला वाचवत नाही, फक्त दाखवतो. बघायला खिडकीत कोणीतरी असावं लागतं.